हिराजी तांडेलांची गाठ

अंधारात कोणी पाण्यात उतरलं की हिराजी तांडेल तोंडाने बोलत नसत, दोरीने बोलत. "रातीच्याला दर्यात कोनाला नावानं हाक मारायची नाय. दर्या नाव आयकून ठेवतो," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. म्हणून आम्ही दोरीची भाषा ठरवली होती. एक हिसका म्हणजे 'बरा हायस ना?' त्याला उलट एक हिसका म्हणजे 'बरा आहे.' दोन हिसके म्हणजे परत ये. पाण्यातल्या माणसाच्या कमरेला दोरीचं एक टोक असायचं, दुसरं खडकावर बसलेल्याच्या मुठीत. कमरेची गाठ मात्र दर वेळी तेच मारत. माझ्या गाठीला ते 'बुटाची नाडी' म्हणत.

चौसष्ट साली मी कऱ्हाडकडून बोईसरला आलो. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज प्रकल्पाचं काम सुरू होतं आणि मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. पोहायला कृष्णेत शिकलो होतो, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती, आणि अक्कलही नव्हती. कामावरचा एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना पाण्याखाली बघायचा चष्मा, श्वास घ्यायची रबरी नळी आणि पाण्यात चालणारी बॅटरी मला देऊन गेला. नळीला तो स्नॉर्कल म्हणायचा. पुढच्याच रविवारी दिवेलागणीला मी सायकल मारत नवापूरला गेलो आणि खडकांवर कपडे काढून ठेवले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए सायेब, घरी सांगून आलास काय?"

"काय सांगून?"

"परत येनार नाय म्हनून."

पन्नाशीचा, ठेंगणा, छातीने रुंद असा माणूस जाळं खांद्यावर टाकून उभा होता. नवापुरातल्या एका होडीचे ते तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारे. होडी आणि तिच्यावरची सहा माणसं त्यांच्या जबाबदारीवर. त्यांनी मला विचारलं, "आज तिथ कंची?" मला सांगता येईना. ऑफिसात भरती-ओहोटीचे तक्ते मीच शाईने रेखून काढत असे, पण आज तिथी कोणती ते मला माहीत नव्हतं. तांडेल इतके हसले की जाळं खांद्यावरून खाली आलं.

"तितीची पाऊनपट कर," ते म्हणाले. "दशमीला साडेसात. साडेसाताला भरती पुरी भरते आनि पानी उबं रातं. भांगाचं पानी, त्याला वढ नाय. तवा उतर. आज उतरलास तर सकाली तुला खाली दातिवऱ्याच्या किनाऱ्याला शोदाया लागंल."

मी वद्य दशमीला पुन्हा गेलो. त्यांनी मला दुपारीच बोलावलं होतं. खडकांनी तीन बाजूंनी वेढलेल्या एका खोलगट जागेत त्यांनी मला ओहोटीच्या वेळी फिरवलं. कुठे पाय घसरतो, कुठे कालवांच्या धारदार शिंपा चिकटल्या आहेत, बाहेर पडायची फट कुठे आहे, सगळं दाखवलं. "दिसा जी जागा पायानं वलकीची नाय, तिथं रातीला उतरायचं नाय," हा त्यांचा दुसरा नियम. अंधार पडल्यावर त्यांनी एक कंदील खडकावर ठेवला, मला वर यायचं असेल तर तोंड कुठे करायचं ते कळावं म्हणून. मग कमरेला गाठ मारली, तिला तीनदा हिसका देऊन पाहिला आणि म्हणाले, "जा. श्वास चाय पिल्यावानी घे. पेज ढोसल्यावानी घेऊ नको."

पहिल्या दिवशी मला काहीच दिसलं नाही, कारण मी भीतीने हातपाय मारून सगळा गाळ उठवला होता. दुसऱ्या खेपेला नुसता पालथा पडून राहिलो. बॅटरीच्या उजेडात दोन हातांपलीकडे दिसत नव्हतं, पण त्या दोन हातांत कोळंबीचे लाल डोळे होते, दगडाखाली अंग चोरून बसलेली चिंबोरी होती, आणि बॅटरी विझवली की माझ्याच बोटांमागून हिरवट ठिणग्या निघत होत्या. वर आल्यावर मी बडबडत सुटलो. तांडेल ऐकत राहिले. मग म्हणाले, "दे तो चश्मा."

चाळीस वर्षं दर्यावर काढलेला तो माणूस त्या रात्री पहिल्यांदा पाण्याच्या आत पाहत होता. दोरी माझ्या हातात होती. मी हिसका द्यायचा आणि त्यांनी उत्तर द्यायचं, पण त्यांचं उत्तर दर वेळी जरा उशिराने यायचं, जेवताना मधेच हाक मारली की येतं तसं. वर आले तेव्हा डोळे लाल झाले होते. "याच्या जीवावर जगलो," ते म्हणाले, "पन याचं घर कंदी बगितलं नवतं." त्यानंतर दोन हिवाळे, वद्य नवमी-दशमीला वारा पडलेला असला की आम्ही जात असू. आळीपाळीने उतरायचं, अर्धा तास झाला की बाहेर. घरी त्यांची बायको तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढायची, आणि तांडेल तिला पाण्यातल्या गोष्टी अशा सांगायचे की ती म्हणायची, "मंग मासं पकडनार कोन, का आता नुसतं बगनार?" इतकं निर्भेळ सुख मला त्यानंतर फार वेळा मिळालेलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी पाण्यात होतो आणि बॅटरीच्या उजेडात एक मोठं माकूल, तोंडाशी सोंडांचा झुबका असलेला मऊ अंगाचा जीव, आलं. अंगाचा रंग बदलत ते खडकांमधल्या फटीतून पलीकडे गेलं. मी मागे गेलो, पण दोरी संपली. परत यावं, तांडेलांना सांगावं, एवढं सोपं होतं. पण मला माकूल बघायचं होतं. मी कमरेची गाठ सोडली. सोडायलाही वेळ लागला, इतकी ती घट्ट होती. दोरी सैल पडली तर तांडेल घाबरतील, म्हणून शहाणपणा करून ती एका खडकाच्या टोकाला गुंडाळली आणि फटीतून बाहेर गेलो. पुढच्या हिसक्याच्या आत परत येईन असा हिशोब होता.

तांडेलांनी हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. दोरी ताठ, पण पलीकडून काही नाही. मी खाली कुठे अडकलोय असं त्यांना वाटलं आणि ते तसेच अंधारात उडी मारून आले. त्यांनी जोर लावला तेव्हा दोरी खडकावरून निसटली आणि रिकामं टोक त्यांच्या हातात आलं. मी परतलो तेव्हा कंदिलाजवळ कोणी नव्हतं आणि जवळच कोणीतरी पाण्यात बुड्या मारत होतं. त्यांनी माझे केस धरून मला खडकावर ओढलं. त्यांचा उजवा तळवा कालवांनी टाचेपासून बोटांपर्यंत फाटला होता. पायाकडे त्यांनी पाहिलंच नाही. दोरीचं टोक कंदिलाशी धरून ते बघत राहिले.

"गाठ सुटली," ते म्हणाले. "माजी गाठ सुटली."

मी म्हणालो, "हो."

तो एक शब्द. रक्त बघून मी हबकलो होतो, लाजही वाटत होती. उद्या सांगू, असं मनाला समजावलं. उद्या त्यांना ताप होता. परवा पाय सुजला होता. मी रोज संध्याकाळी मलमपट्टीचं सामान घेऊन जायचो, आणि रोज सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होऊन बसायचं.

दोन महिन्यांनी पाय बरा झाला. होडीवरची सहा माणसं त्यांची वाट बघत होती. तांडेल किनाऱ्यावर गेले आणि सुकाणू धाकट्या भावाच्या, धर्माच्या हातात दिलं. तो नको नको म्हणत होता. "ज्याची गाठ मानसाच्या कमरंवर सुटली," ते म्हणाले, "त्यानं सा जनांचा जीव हातात घ्यायचा नाय." मी तिथेच उभा होतो. नंतर मी सवयीने "तांडेल" अशी हाक मारली तर म्हणाले, "आता हिराजी म्हन. तांडेल तो धर्मा." गावातही हळूहळू तेच झालं. म्हाताऱ्याचे हात सैल पडले, असं लोक कुचेष्टेने नाही, कळवळ्याने म्हणत. ते घरासमोर जाळी दुरुस्त करत बसत. एकेक गाठ मारून तीनदा ओढून बघत, आणि तरी कधीकधी सोडून पुन्हा मारत. मी शेजारी बसून चहा पीत असे. त्यांनी मला चष्म्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही.

दीड वर्षाने माझी राजस्थानातल्या कामावर बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी नवापूरला गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दोरी मी सोडली होती. गाठ तुमची सुटली नव्हती.

त्यांनी हातातली जाळ्याची सुई खाली ठेवली. मला वाटलं, शिव्या देतील. मला तर त्या हव्याच होत्या. त्यांनी आपले पंजे उलटेसुलटे करून पाहिले.

"होडी सांजच्या भरतीला येल," ते म्हणाले. "थांब. सगल्यांच्या म्होरं सांग."

"माझी दुपारची गाडी आहे."

"मी सांगून काय फायदा? म्हातारा सबब सांगतो म्हनतील. तूच सांगाया पायजे."

मी म्हणालो, पत्र लिहीन. ते हसले. "होडीवर कोनाला वाचता येतं?" मग सुई उचलली आणि म्हणाले, "जा. गाडी चुकंल."

गाडी चुकली असती तर दुसऱ्या दिवशी दुसरी होती. हजर व्हायला माझ्या हातात अजून चार दिवस होते. मला सहा माणसांसमोर उभं राहायचं नव्हतं, एवढंच खरं. मी दुपारच्या गाडीत बसलो. पत्र लिहिलं नाही. काही वर्षांनी बोईसरच्या एका जुन्या सहकाऱ्याने कळवलं, तुमचे ते हिराजी गेले. चांगला माणूस, उतारवयात हात चालेनासे झाले होते म्हणतात.

हात शेवटपर्यंत चालत होते. ही गोष्ट आज मी तुम्हाला सांगितली, तुम्ही त्यांना कधी पाहिलेलंही नाही. सांगायची होती ती नवापूरच्या किनाऱ्यावरच्या सहा माणसांना, आणि त्यासाठी फक्त संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं.