कपिलाक्षाचं कुणी विचारलंच नाही

वागळे इस्टेटमधल्या त्या रबराच्या कारखान्यात जया घागला सगळे देवभोळी म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. सकाळी ब्लेड हातात घेतलं की ती आधी ते कपाळाला लावायची, मग कामाला. साच्यातून निघालेल्या रिंगांना कडेने पातळ पापुद्रा राहतो. तो कापून रिंग गुळगुळीत करायची, हे तिचं काम. हात चांगला होता. तोंड मात्र फारसं उघडायचं नाही.

घरची माणसं मूळची संगमेश्वराकडची. वडील इथेच फिटर होते. जयाचं शिक्षण कल्याणच्या मराठी शाळेत, दहावीपर्यंत. लग्न जमत आलं की काहीतरी आडवं यायचं. एकदा पत्रिका आडवी आली, एकदा वडिलांचं आजारपण. वडील गेले तोवर स्थळं यायची थांबली होती. मग "जयाचं बघायला हवं" असं म्हणणंही घरात थांबलं. भाऊ सुदेश आणि वहिनी रसिका वाईट नव्हते. ताट वाढलेलं असायचं, अंथरुणाला जागा होती. पन्नाशीला आलेल्या नणंदेचं आणखी काय बघायचं असतं, असं वहिनीला वाटत असेल तर त्यात तिची चूक नव्हती. जयालाही तसंच वाटायचं.

कारखान्यात दुपारी जेवताना बायका गोल करून बसत. त्यांच्यातली सगळ्यात लहान ऐश्वर्या. ती फोनवर 'पाषाणपंखी' नावाची मालिका लावायची. बघायची नाही, ऐकायची. आवाज मोठा व्हावा म्हणून फोन रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा करायचा. चंद्रकोट नावाचं राज्य, त्याच्या तटावर दगडाचे पक्षी, आणि अवसेला ते पक्षी जिवंत होऊन उडतात, अशी ती गोष्ट. राजपुत्र, हरवलेली राजकन्या, चेटकीण, सगळं होतं.

"जेवताना चेटकिणी कशाला गं?" जया सुरुवातीला म्हणाली होती.

"ताई, चेटकीण चांगली आहे. सासू वाईट आहे," ऐश्वर्या म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

पुढे जयालाच गोडी लागली. पण तिचं लक्ष राजपुत्राकडे नसायचं. त्या गोष्टीत मृणा नावाची एक बाई होती. दगडाच्या पंखांना रोज संध्याकाळी तेल लावायचं, एवढंच तिचं काम. आणि कपिलाक्ष नावाचा एका डोळ्याने अधू झालेला दरवाजावरचा रखवालदार. दोघं भागाभागांत येऊन जायचे, कुणाला निरोप द्यायला, कुणाला वाट दाखवायला. जया त्यांची वाट बघायची. ते आले नाहीत तर दुपारी कामात तिचं मन लागत नसे, आणि याची तिला मनातल्या मनात लाजही वाटे.

मालिका ऐकणारं आणखी एक माणूस होतं, ते मात्र गोलात बसत नसे. स्टोअर सांभाळणारे प्रभाकर मढवी. बाळकुमचे, टॉवर उभे राहायच्या आधीपासूनच्या गावातले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा-सून होती. जेवणाच्या सुट्टीत ते स्टोअरचं शटर अर्धं वर ठेवून आत डबा खात, आणि डब्यातला तो घुमणारा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचा.

श्रावणातल्या एका शनिवारी कारखान्यात सत्यनारायण असतो. मशीनं पुसून त्यांना हार घालतात आणि पूजेला कामगारांतलं एक जोडपं बसतं. जयाला कुणी कधी बस म्हणालं नाही, म्हणणार तरी कसं? प्रसादाचा शिरा मात्र दर वर्षी तिच्याच हातचा. रवा, तूप, साखर सगळं सव्वाच्या मापात, वर केळं. त्या दिवशी ती उपास करून यायची आणि पातेल्यापाशी कुणाला बोलू द्यायची नाही.

त्या वर्षी कथा झाली, आरती झाली. शेठ आणि भटजी ऑफिसात चहाला बसले. शिरा झाकून ठेवला होता आणि मढवी द्रोण आणायला स्टोअरमध्ये गेले होते. तेवढ्यात ऐश्वर्या ओरडली, "शेवटचा भाग आला! ऐकायचा का?"

पूजेच्या दिवशी कशाला, असं जया म्हणणार होती, पण म्हणाली नाही. सगळ्या चटईवर टेकल्या. राजपुत्राला राज्य मिळालं, राजकन्येशी लग्न झालं, पक्षी कायमचे जिवंत होऊन आभाळात गेले. ढोलताशे वाजले आणि मालिका संपली.

"काय संपवलीय यार!" ऐश्वर्या डोळे पुसत म्हणाली.

"आणि कपिलाक्षाचं काय?" जयाने विचारलं.

"कोण गो कपिलाक्ष?" हौसाबाई म्हणाल्या. हौसाबाई झाडलोट करायच्या, वयाने सगळ्यांत मोठ्या, जिभेनेही.

"तो दरवाजावरचा. एक डोळा गेलेला."

"त्याला दुसऱ्या किल्ल्यावर पाठवला ना. मध्येच एका वाक्यात सांगितलं," ऐश्वर्या म्हणाली.

"तेच तर म्हणते मी. एका वाक्यात! आणि मृणा?"

"तेलवाली? तिचं काय? पक्षीच उडाले, आता तेल कुणाला लावणार?"

"अगं, त्याचा जीव होता तिच्यावर."

ऐश्वर्याने फोन खाली ठेवला. "आई शप्पथ! कुठल्या भागात? मी झोपलेले का?"

"सांगितलं नाही कुठे. पण होता." जयाचा आवाज चढला. एरवी गप्प असलेली बाई बोलायला लागली की सगळे बघायला लागतात, तसं झालं. "ती तट उतरून येईपर्यंत तो दरवाजा पूर्ण लावायचा नाही. राजाचा हुकूम असला तरी. तिचा पाय घसरायचा त्या पायरीवर त्याने खडबडीत दगड बसवला, तोही रात्रीचा, कुणाला न सांगता. आणि ती आली नाही की तिचं नाव घ्यायचा नाही. विचारायचा काय, तर 'तेल आलं का?' बाईचं नाव लोकांच्या तोंडी नको म्हणून. एवढं सगळं लिहिणाऱ्याने लिहिलं आणि त्याचं त्यालाच दिसलं नाही!"

मग ऐश्वर्या हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमचा अंगठा कापला होता, तेव्हापासून तुमच्या ब्लेडच्या मुठीला कापडी पट्टी कोण गुंडाळून देतं?"

"मढवी देतात. स्टोअर त्यांचंच आहे."

"आम्हाला नाही देत. माझा पण कापलेला." ऐश्वर्याचे डोळे चमकायला लागले. "आणि संध्याकाळी तुमचं काम संपेपर्यंत शटर अर्धं कुणाचं असतं? आणि तुम्ही रजेवर असलात ना, की काका येऊन विचारतात, 'ती पट्टीवाली मूठ आली का?'"

हौसाबाईंनी टाळीच वाजवली. "अगं बाई! म्हणजे तेलवाली आमच्यातच बसलीय म्हणा की! पुढच्या वर्षी पूजेला जोडी मिळाली!"

हशा उसळला. तो हशा वाईट नव्हता, हे जयाला पुढे कळलं. त्या वेळी मात्र तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लहानपणापासून एकच ऐकलेलं, आपल्या नावावरून कुणी हसू नये. उपासाच्या पोटी, देवासमोर, तिला वाटलं आपल्याला उघडंच केलं सगळ्यांनी. आणि ती बोलली.

"शी! काहीतरीच काय बोलता? ते कोण, आम्ही कोण? आमच्यात असलं चालत नाही. आणि एवढी वर्षं थांबले ती काय त्या चिंध्या गुंडाळत बसणाऱ्या म्हाताऱ्याच्या गळ्यात पडायला?"

हशा थांबला. कुणी जयाकडे बघत नव्हतं, सगळ्या तिच्या मागे बघत होत्या.

मढवी द्रोणांची चळत घेऊन उभे होते. त्यांनी ती नीट, न सांडता, पातेल्याशेजारी ठेवली. "पुरतील ना?" एवढंच म्हणाले आणि ऑफिसकडे वळले.

जयाने प्रसाद वाटला. प्रत्येकाला सारखा, एका मापात. शेवटी एक द्रोण उरला.

"मढवी कुठेत?"

"गेले," ऐश्वर्या म्हणाली. ती आता हसत नव्हती. "शेठना सांगून गेले. सोमवारपासून दुसरा माणूस बघा म्हणाले. ताई, माझं चुकलं. मी उगाच..."

"तुझं नाही चुकलं," जया म्हणाली.

प्रसाद न घेता गेलेल्या माणसाचं काय होतं, ते आत्ताच कथेत सगळ्यांनी ऐकलं होतं. जयाने उरलेला शिरा डब्यात भरला, पदर खोचला आणि रस्त्यावर आली. मनाशी म्हणाली, प्रसाद पोचवायला हवा, देवाचं काम आहे. पण रिक्षा थांब्याशी आल्यावर तिचं तिलाच खोटं वाटलं. प्रसाद तर कारखान्यातल्या सुशांतच्या हातूनही पाठवता आला असता, तो पातलीपाड्याला राहतो, बाळकुम त्याच्या वाटेवरच. देवाला पुढे करून मी मागे लपतेय. शब्द माझ्या तोंडून गेला आणि निस्तरायला सत्यनारायण? तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पहिली रिक्षा तिने तशीच जाऊ दिली. दुसरीत बसली.

बाळकुमला उंच इमारतींच्या मध्ये जुन्या गावाची गल्ली अजून होती. मढवींचं घर विचारावं लागलं. विचारताना पानवाल्याने वर-खाली बघितलं, तेही तिने सोसलं. दार सुनेने उघडलं. स्वप्ना, असं तिने नाव सांगितलं, आणि काही न विचारता खुर्ची पुढे केली. "बाबा, कारखान्यातून आल्यात."

मढवी बनियनवर होते. जयाला पाहून घाईघाईने शर्ट चढवत बाहेर आले, बटणं वरखाली लागली.

"प्रसाद राहिला तुमचा," जयाने डबा पुढे केला.

त्यांनी उजव्या हातात चिमूटभर शिरा घेतला, डोळ्यांना लावला, खाल्ला. "गोड झालाय," म्हणाले. "एवढ्यासाठी कशाला त्रास घेतलात जयाबाई? नि राग नाय मना. तुम्ही खोटं काय बोललात? म्हातारा तर हायच मी."

तिला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"मी खोटंच बोलले," ती म्हणाली. मान वर होत नव्हती. "सगळ्या हसल्या आणि मी घाबरले. म्हणून तोंडात येईल ते बोलले. जातीवरून बोलले, वयावरून बोलले. ती पट्टी... मला दिसत होती ती. रोज दिसत होती. न दिसल्यासारखं करायची मी."

आत भांड्यांचा आवाज थांबला. स्वप्ना ऐकत होती, हे दोघांनाही कळलं.

मढवींनी डब्याचं झाकण लावलं. "माझ्या मनात वाईट काय नव्हतं," ते म्हणाले. "मागायचं पण काय नव्हतं. तुम्हाला लोकांसमोर खाली बघायला लागलं, त्याचंच वाईट वाटलं मना. मी नसलो तर उद्या कोण हसणार नाय. म्हणून सोडलं काम."

"तुम्ही सोडलंत तर मी रोज त्या शटरासमोरून जाणार कशी?" जया म्हणाली आणि आपणच हे बोललो यावर तिचा विश्वास बसेना. "हसू देत त्यांना. सोमवारी या. मी सगळ्यांसमोर सांगेन, मी चुकीचं बोलले म्हणून. बोलले सगळ्यांसमोर, तर माफीही तिथेच."

"नि मग हौसाबाई?"

"त्या बोलणारच. त्यांचं तोंड शेठलाही धरता आलं नाही."

ते पहिल्यांदा हसले, पण लगेच गंभीर झाले. "नि जोडीचं जे बोलल्या, ते?"

जयाने पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. आतून स्वप्ना चहाचे कप घेऊन आली, दोघांच्या मध्ये ठेवले आणि आत न जाता दाराच्या चौकटीशी उभी राहिली. तिला हाकलावं की राहू द्यावं, हे मढवींना कळेना. जयालाही.

तेवढ्यात जयाचा फोन वाजला. रसिकावहिनी.

"अगो, कुठे आहेस? पूजा कधीच संपली म्हणे. सुदेश विचारतायत."

देवळात थांबलेय, असं म्हणता आलं असतं. नेहमी तेच म्हणायची, आणि कुणाला शंका आली नसती. जयाने समोर पाहिलं. चुकीच्या बटणांचा शर्ट घातलेला माणूस तिच्याकडे बघत नव्हता. मुद्दाम दुसरीकडे बघत होता, ती काहीही म्हणाली तरी चालेल असं तोंड करून.

"बाळकुमला आलेय वहिनी," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी तिने वाक्य पुरं केलं. "मढवींकडे."

"कोण मढवी?"

कान पुन्हा तापले, दुपारपेक्षाही जास्त. "घरी आल्यावर सांगते," जया म्हणाली. "दादालाही बसायला सांग. दोघांनाही सांगायचंय."