पुढचं डावं चाक

व्हर्लिन ह्रूझा तसा मुलखाचा मुखदुर्बळ. गुरांच्या लिलावात उभा राहिला तरी मानेनंच हो-नाही करायचा. पण एका गोष्टीवर त्याला बोलता केला, की त्याच्या तोंडाला झाकण म्हणून नाही. पिकअपच्या डॅशबोर्डवर चारही चाकांची हवा वेगवेगळी दिसलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं, आणि त्यावर तो कुणाशीही भांडायला तयार.

भांडणाची जागा म्हणजे माझं काउंटर. आमच्या सहकारी दुकानात एका अंगाला पेंडीची पोती, दुसऱ्या अंगाला टायरचं काम, आणि मधे मी आणि माझं कॉफीचं भांडं. सकाळी गुरांना चारा टाकून झाला की गावचे सगळे बाप्ये तिथं येऊन टेकतात. कॉफी फुकट, म्हणून अक्कलही फुकट वाटतात मेले. टायरचं काम बघणारा ल्युमिर कोझेल त्यात सगळ्यांत शहाणा. तो म्हणायचा, हवा उतरली की लागणारा एकच पिवळा दिवा असलेला बरा. कुठलं चाक ते दिवा सांगत नाही, म्हणून माणूस झक मारत खाली उतरतो आणि चारही बघतो. आकडे दाखवायला लागलात तर सगळे बसल्या जागी आळशी होतील.

यावर व्हर्लिनचं उत्तर ठरलेलं असायचं. "अर्डिथला उतरून वाकता येत नाही." एवढं म्हटलं की ल्युमिर कॉफी भरून घ्यायला वळायचा, कारण अर्डिथचं काय झालं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

अर्डिथ व्हर्लिनची बायको, आणि माझी पत्त्यांतली जोडीदारीण. लबाडी करायची, पकडली की हसून हसून टेबलावर डोकं टेकायची. तिची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते यंत्र साठ मैलांवरच्या शहरात. व्हर्लिनच्या गळ्यात गाईंचा रगाडा, शिवाय बाईचा स्वभाव असा, की मला पोचवायला कुणी नको, मी काय लहान आहे? स्वतःच पिकअप घेऊन जायची. फक्त गुडघे पार गेले होते. खाली वाकली की वर यायला माणूस लागायचं.

आदल्या वर्षीच्या थंडीत परत येताना जुन्या गाडीतला तो पिवळा दिवा लागला. टेकड्यांमधल्या ज्या पट्ट्यात फोनला रेंज नाही नेमका तिथं. गाडीला धरून धरून ती वाऱ्यात सगळीकडून फिरली. अवजड गाडीचं टायर निम्मी हवा गेली तरी डोळ्यांना कळत नाही. तिला चारही सारखीच दिसली. पुढं जावं तर भीती, थांबावं तर भीती. शेवटी गुरांचा एक ट्रक आला आणि त्या माणसानं तिला घरी आणून सोडलं. बोटं निळी पडली होती. व्हर्लिननं तिला चुलीपाशी बसवलं, पांघरुणं घातली, आणि मग गोठ्यात जाऊन गाईच्या आडोशाला ढसाढसा रडला. हे मला अर्डिथनंच सांगितलं. म्हणाली, इतकी वर्षं संसार केला पण हा माणूस रडतो हे मला माहीत नव्हतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. व्हर्लिननं शपथच घेतली, की बायको पुन्हा अशी रस्त्यावर अडकता कामा नये. जुनी गाडी देऊन टाकली, काही कालवडी विकल्या, आणि चार आकडेवाली पिकअप दारात आणून उभी केली. डॅशबोर्डवर गाडीचं चित्र, आणि चार कोपऱ्यांत हवेच्या दाबाचे आकडे, चारही साठ. अर्डिथ सगळ्या गावाला सांगत सुटली, की बायकांना नवरे हिऱ्याच्या कुड्या देतात, माझ्यानं मला चार आकडे दिले. थट्टा करायची, पण काच पुसल्यासारखी ती स्क्रीन बोटानं पुसायची ते मी पाहिलंय.

उन्हाळाभर सगळं छान चाललं. व्हर्लिन काउंटरशी ताठ मानेनं उभा राहायचा, आणि ल्युमिर त्याला "काय इंजिनिअरसाहेब" म्हणून डिवचायचा.

मग ऑक्टोबर आला. आमच्याकडे बर्फाआधी चाकांची अदलाबदल करतात, पुढची मागं आणि मागची पुढं, म्हणजे झीज सारखी होते. आणि ज्याच्या घरी जॅक आणि पाना आहे तो या कामासाठी दुसऱ्याच्या दारात जात नाही. गेलाच तर लोक विचारतात, काय रे, पाठ धरली का? व्हर्लिनच्या बापानं त्याला शिकवलं होतं तसं त्यानं अंगणात गाडी उचलली, पुढचं डावं चाक मागं उजवीकडे घातलं, तसंच तिरकं बाकीचंही केलं, नट जीव लावून आवळले. बायको बर्फातून जाणार, दुसऱ्याच्या हातावर भरवसा कसा ठेवायचा? माझ्या नवऱ्यानंही हेच केलं असतं. त्या अंगणात उभा असता तर ल्युमिरनंही आधी पानाच उचलला असता.

नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगचा सण झाला, आणि स्क्रीनवर पुढच्या डाव्या कोपऱ्यातला आकडा उतरायला लागला. साठाचा पंचावन्न झाला. व्हर्लिन हवा मोजायचा काटा घेऊन गेला, पुढच्या डाव्या चाकाला लावला. साठ. पुन्हा लावला. साठच. दोन दिवसांनी स्क्रीन म्हणते पन्नास, काटा म्हणतो साठ. शेजाऱ्याचा काटा आणून लावला, तरी साठ. आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? स्क्रीन बिघडली होती, झालं.

खरं तर तेव्हाच त्यानं ल्युमिरकडे यायचं. पण येणार कुठल्या तोंडानं? वर्षभर ज्या स्क्रीनची आरती ओवाळली ती दारात आल्यावर पाच-सहा महिन्यांत चळली, हे काउंटरवर सांगायचं म्हणजे बाप्यांना वर्षाची करमणूक. मनात म्हणाला, वसंतात वासरं झाली की बघू. अर्डिथ मात्र जाता-येता त्या आकड्याकडे बघून धास्तावायची. गाडी टुंग-टुंग वाजायची ते वेगळंच. तेव्हा त्यानं काळ्या चिकटपट्टीचा तुकडा घेतला आणि स्क्रीनच्या त्या भागावर लावून टाकला. तिला म्हणाला, वाजलं तर वाजू दे, मी हातानं मोजलंय. तिनं मान डोलावली. नवऱ्यानं मोजलंय म्हटल्यावर तिला आणखी काय हवं होतं?

डिसेंबरातल्या एका सकाळी, रस्ता कोरडा, ऊन पडलेलं, ती डायलिसिसला निघाली. हायवेला लागून थोडी पुढं गेली आणि मागचं टायर फुटलं. गाडी फिरली, कुंपण तोडून कलंडली. बरगड्या मोडल्या, कंबर मोडली. जिवंत सापडली, एवढंच.

गाडी ओढून ल्युमिरच्या आवारात आणली होती. दुसऱ्या दिवशी व्हर्लिन इस्पितळातून आला, अर्डिथचा चष्मा आणि पर्स गाडीत राहिली होती म्हणून. मी त्याच्यासाठी कॉफी घेऊन गेले. डोळे लाल, दाढी वाढलेली. पर्स राहिली बाजूला, हा थेट गेला पुढच्या डाव्या चाकाकडे. ते चाक धड होतं. त्यानं त्यावर मूठ आपटली आणि काटा लावून आम्हाला दाखवला.

"बघ. अजून साठ. आणि ती स्क्रीन महिनाभर म्हणत होती इथंच हवा कमी आहे. खोटारडी. जे फुटलं त्याचं नावसुद्धा घेतलं नाही तिनं." तेव्हाच त्यानं आकड्यांची आणि पट्टीची सगळी हकिकत सांगितली. आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

ल्युमिर गाडीच्या मागच्या अंगाला गेला. वाकला, फुटलेलं मागचं उजवं चाक पाहिलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा मला आवडला नाही. "व्हर्लिन, ऑक्टोबरात चाकं फिरवलीस का रे?"

"फिरवली की. दर वर्षी फिरवतो."

"मग स्क्रीनला सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

ल्युमिरनं हळूहळू सांगितलं. हवा मोजणारं बोंडूक, सेन्सर म्हणतात ते, चाकातच असतं, चाकाबरोबर तेही जागा बदलतं. स्क्रीनला ते आपोआप कळत नाही, नवी जागा शिकवावी लागते, या गाडीला त्याचं एक छोटं यंत्र लागतं. शिकवलं नाही तर चाक मागं गेलं तरी स्क्रीन त्याला जुन्याच जागेच्या नावानं हाक मारत राहते. गळत होतं ते हे फुटलेलंच चाक, जे आधी पुढं डावीकडे होतं. स्क्रीन खरं बोलत होती, फक्त जागा चुकीची सांगत होती.

व्हर्लिननं हातातला काटा खिशात घातला. मग म्हणाला, "म्हणजे मी एकच चाक बघितलं." ल्युमिर घाईघाईनं म्हणाला, अरे कुणीही तेच बघितलं असतं, समोर लिहून आलेलं असताना बाकीच्या तीन चाकांना कोण हात लावतो? जुना दिवा असता तर तू चारही... आणि मधेच जीभ चावून थांबला. व्हायचं ते होऊन गेलं होतं. मला त्या दोघांचाही राग आला, आणि त्या गाड्या बनवणाऱ्यांचाही. एवढी चित्रं काढता तिथं एक ओळ लिहायला काय धाड भरली होती, की बाबा, चाकं हलवलीस तर मला सांग? कुठल्या तरी जाड पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणे. ते पुस्तक आमच्याकडे गाडीच्या कप्प्यात हातमोज्यांखाली असतं.

त्या दुपारी त्याला एकट्याला गाडी चालवू द्यायची नव्हती, म्हणून मी त्याला माझ्या गाडीतून इस्पितळात नेलं. साठ मैलांत तो एकदाच बोलला. म्हणाला, तिला सगळं सांगणार आहे. मी म्हटलं, सांग. मला खरोखर वाटत होतं, की ती ऐकेल, दोन शिव्या घालेल आणि हसेल. अर्डिथच ती.

पलंगावर ती एवढीशी दिसत होती. नळ्या, सूज, आवाज खोल गेलेला. व्हर्लिननं तिच्या नाकावर चष्मा चढवला. तो तोंड उघडणार एवढ्यात तीच म्हणाली,

"मला माफ कर हं. मीच गाडी जोरात हाणली असणार."

त्यानं तिची उशी सारखी केली.

"तू तर चाक बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं," व्हर्लिन म्हणाला.

"मग माझंच चुकलं," ती म्हणाली, आणि त्याचा हात थोपटला. थोपटलं ते तिनं त्याला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल. नर्स आली, औषध दिलं, अर्डिथला झोप लागली.

परतताना तो म्हणाला, "झोपेतून उठवून सांगायची गोष्ट नाही ही. उद्या सांगतो." मी म्हटलं, उद्या सांग.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून वादळ आलं. हायवे बंद केला, आडवे दांडे पाडले. व्हर्लिन ट्रॅक्टर काढून निघाला होता, पोलिसांनी दांड्यापाशी अडवून परत पाठवला. इस्पितळात फोन लावला तर नर्स म्हणाली, त्या ग्लानीत आहेत, निरोप देऊ का? तो म्हणाला, नको, निरोप द्यायची गोष्ट नाही. रस्ता उघडायच्या आधीच तिकडून फोन आला.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमची सँडविचं, बटाट्याचं सॅलड, बायकांनी घरून आणलेले केक. व्हर्लिन कोपऱ्यात ताटली घेऊन उभा, ताटलीतलं काही हललं नव्हतं. एकेक जण येऊन खांद्यावर हात ठेवत होता. एक म्हातारा शेतकरी, मनानं चांगला, त्याला धीर द्यायला म्हणाला, "काय करणार बाबा. अर्डिथ जरा जोरातच चालवायची. तुझा त्यात काही दोष नाही."

"जोरात नव्हती ती," व्हर्लिन म्हणाला. "मी एकच चाक बघितलं." म्हाताऱ्याला काही उमगलं नाही. त्यानं मान हलवली आणि कॉफी आणायला गेला. मग पाद्री आले, त्यांनाही तो तेच म्हणाला. मग तिच्या बहिणीला. ती बिचारी त्याला मिठी मारून रडायला लागली, आणि त्याचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

शेवटी माझ्याकडे आला. "ट्वायला, तू तर होतीस तिथं. तिची चूक नव्हती, तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तिला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातली ताटली घेतली, कारण ती कलली होती आणि सगळं सांडत होतं.