विचारल्याशिवाय नाही

जन्माला येणं ही एकच गोष्ट आमच्या साडूंनी कुणाला न विचारता केली असावी, आणि त्याचीही त्यांना मनातून खंत असणार. बाकी सगळं विचारून. रिक्षात बसले की ‘जरा पाय लांब केले तर चालतील ना?’ असं रिक्षावाल्याला विचारतील. पंगतीत आपल्याच पानातली जिलबी उचलताना शेजारच्याकडे बघून ‘घेऊ ना?’ म्हणतील. माझ्या मुलीच्या लग्नात ह्यांनी हौसेने फोटो काढले आणि ते घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी फोटोतल्या एकूणएक माणसाची परवानगी मागत बसले. बेलापूरच्या आत्या वैतागून म्हणाल्या, “टाक की मेल्या, मी काय नवरी आहे लाजायला?” पण मागच्या रांगेत एक आचारी उभा होता, तो काही केल्या सापडेना. सगळे फोटो हातात पडले तेव्हा माझी नात रांगायला लागली होती. तोवर माझं नि त्यांचं ह्यावरून दोनदा कडाक्याचं भांडण झालं होतं.

असा माणूस पोटासाठी काय करतो? तर नगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसून विद्यापीठासाठी सॉफ्टवेअर लिहितो. लोकांनी पीएचडीसाठी लिहिलेले प्रबंध कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता यावेत ह्यासाठीचं सॉफ्टवेअर. ह्या विषयावर ते बोलायला लागले की थांबवणं कठीण. “पाहुणे, माणूस आयुष्याची पाच-सात वर्षं घालून लिहितो. सोनेरी अक्षरांची बांधणी करतो. मग ते कपाटात जातं आणि कसर खाते. लोणचं घालून बरणीला कायमचं कुलूप लावल्यासारखं झालं हे!” मला ते पाहुणे म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणतो.

पण इथेही स्वभाव आडवा आलाच. लेखकाने स्वतः होकार दिल्याशिवाय प्रबंध उघडायचा नाही, असं त्यांनी सॉफ्टवेअरमध्येच बसवून टाकलं. विद्यापीठातले साहेब म्हणाले, एवढं कशाला, सरसकट उघडून टाका. ह्यांनी ऐकलं नाही. मग सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून रिटायर झालेल्या प्राध्यापकांची घरं धुंडाळत फिरायचे. बेलापूरचे एक सर म्हणाले, “उद्या माझं लिखाण कोणी चोरलं तर?” ह्यांचं उत्तर तयार होतं. “सर, आत्ता कसर चोरतेय. तिला तुम्ही विचारलंत का?” चहा त्यांना मुळीच चालत नाही, पण त्या होकारापायी अख्खी दुपार बसून सरांकडचा चहा घेत राहिले आणि पुढे दोन दिवस पित्ताने आडवे झाले.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. शेवगावकडच्या माळरानावर उगवणाऱ्या गवतांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. उन्हातान्हात हिंडून हिंडून चपला झिजवल्या बाईंनी, गुराख्यांकडून एकेका गवताचं नाव विचारून घेतलं. आणि साऱ्या जिल्ह्याचे होकार गोळा करणाऱ्या आमच्या भाऊंनी घरातला होकार तेवढा घेतला नाही. घरचंच तर आहे, घेऊ एखाद्या रविवारी. ताईसुद्धा पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, “आधी लोकांचं होऊ दे, माझा प्रबंध काय पळून जातोय?” मग ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आठवड्याच्या आत ताईच गेल्या.

प्रबंध राहिला कुलपात. साइटवर नाव दिसतं, पुढे कुलपाचं चित्र आणि खाली ‘लेखकाकडे प्रत मागा’ असं बटण. ते दाबलं की ताईंना मेल जातो. मी म्हटलं, “भाऊ, वारसाची परवानगी चालते की. तुम्हीच द्या.” ते म्हणाले, “सॉफ्टवेअरमध्ये लेखक जिवंतच धरलाय. दुसरी सोयच ठेवली नाही मी.” मग करा सोय! लेखकाच्या नावापुढे ‘दिवंगत’ असा एक चौकोन, एवढंच तर लिहायचं होतं. चहा निवायच्या आत होणारं काम. पण कधी सर्व्हर धीमा, कधी नवी आवृत्ती येऊ दे, असं करत वर्ष उलटलं. मला राग यायचा. नंतर कळलं की तो चौकोन झाला असता तर पहिली खूण ताईंच्याच नावापुढे करावी लागली असती. मग मी त्यांना त्यावरून टोकणं सोडलं.

परवा मी डबा द्यायला ग्रंथालयात गेलो, तर त्यांच्या टेबलासमोर शेवगावची एक मुलगी उभी. एमएस्सीची. म्हणाली, “सर, बाईंना लई मेल टाकले. बाई उत्तरच देईनात. आमच्याकडच्या गवतावर दुसऱ्या कुनी कामच केलेलं न्हाई. पुढच्या आठवड्यात मला विषय द्यायचाय, न्हाईतर वर्ष जाईल. मी काई चुकीचं लिव्हलं का? बाई रागावल्यात का?”

भाऊंनी कीबोर्ड बाजूला सारला. “नाही गं. त्या रागवायच्या नाहीत कुणावर,” म्हणाले. आणि मग हळूच, “त्या वारल्या, बाळ.”

वर्षभरात हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मुलगी कावरीबावरी झाली, जायला निघाली. भाऊंनी तिला खुर्ची दिली आणि संगणक पुढ्यात ओढला. डबा निवत गेला, ते लिहीत राहिले. चौकोन तयार झाला. ताईंचं नाव शोधून उघडलं, पुढे खूण केली. खाली वारस म्हणून स्वतःचं नाव घातलं, नातं पती. बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. कुलपाचं चित्र गेलं.

तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशात कुठलासा मोबाईल वाजला. त्यांचा स्वतःचा तर टेबलावर होता. खिशातून निघाला तो ताईंचा, चार्ज केलेला. प्रबंध खुला झाला की लेखकाला अभिनंदनाचा मेल जातो, तोही भाऊंनीच बसवलेला. ताईंच्या नावाने तो मेल आला होता. मी म्हटलं, “उघडा की भाऊ.”

“तिला आलंय, पाहुणे,” ते म्हणाले. “आपण कसं उघडायचं?”

मोबाईल जपून परत खिशात ठेवला आणि मग भर ग्रंथालयात, माणसांदेखत, ते रडले. मी पाठीवर हात ठेवला. समोर ती मुलगी मान खाली घालून ताईंचं पहिलं पान वाचायला लागली होती.