सगळ्यात मागची सायकल

चिमी भित्री आहे, हे शेणव्याच्या वरच्या वाडीत कुणाला सांगावं लागत नसे. लहानपणी ती खेकड्याला भ्यायची. ठाकराची पोर आणि खेकड्याला भिते, म्हणून तिचा आजा कपाळावर हात मारून घ्यायचा. ओढ्यावर, गुरांच्या वाटेवर, एसटीचा हॉर्न वाजला तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. आठवीत असताना शाळेतून मुलींना सायकली मिळाल्या. बाकीच्या पोरी उतारावर पाय सोडून सुसाट जायच्या आणि चिमी दोन्ही ब्रेक दाबून, जीव मुठीत धरून, सगळ्यांच्या मागून यायची. लग्नानंतर गणूनेही पहिल्या आठवड्यातच ओळखलं की या बाईला मागून हाक मारायची सोय नाही.

पण याच भित्रेपणाने तिला रविवारचं काम मिळवून दिलं. शहापुरात हरेशचं सायकलचं दुकान आहे. दर रविवारी तो कल्याण-ठाण्याकडची वीसेक माणसं घेऊन डोंगरात येतो. त्यांच्या सायकलींना ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र जाड आणि खाचांचे. डांबर टाळायचं आणि खडीच्या, मातीच्या, जंगलातल्या वाटा धरून मुरबाडच्या अंगाला उतरायचं, हा त्यांचा छंद. ज्या वाटेवर डांबर पडावं म्हणून वाडीने पंधरा वर्षं अर्ज केले, तिथे डांबर नाही म्हणून ही माणसं खूश व्हायची.

अशा जथ्याच्या मागे एक माणूस लागतो. कुणी दमलं, पडलं, वाट चुकलं तर त्याला सोबत करणारा. हरेशने आधी तीन तगडे गडी लावून पाहिले. तिघांनाही मागे राहण्याची लाज वाटायची; चढ आला की ते पुढच्यांशी शर्यत लावायचे. मग त्याने चिमीला विचारलं. तिने कधी कुणाला मागे टाकलं नाही. दर वळणावर ती पुढची डोकी मोजायची, आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजायची. हरेशचा नियम एकच होता, चिमीच्या मागे कुणी राहायचं नाही. दोन वर्षं कुणी राहिलं नव्हतं.

माघातल्या त्या रविवारी सगळ्यात हळू होते भिवंडीकडचे जयरामशेठ. साठीला टेकलेले, भरल्या अंगाचे, नवीकोरी सायकल घेऊन आलेले. डॉक्टरने पोट कमी करायला सांगितलं, एवढंच त्यांचं आणि सायकलीचं नातं. दर चढाला ते उतरायचे, आणि चिमीही उतरून त्यांच्या मागून चालायची. बाकीचे कधीच वर खिंडीत पोचले होते.

ऐनाच्या एका मोठ्या झाडापाशी वाट फुटते. डावीकडची चढून खिंडीत जाते. सरळ जाते ती ढोरवाट, दिसायला रुंद आणि उताराची. हरेशने सकाळी पांढऱ्या फक्कीने बाण काढला होता, पण मागाहून गुरं गेली आणि खुरांनी तो पुसला. जयरामशेठ तिथे थांबले, सायकल झाडाला टेकवली आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "तू हो म्होरं बाय. मी आलोच."

पुरुषमाणूस झाडाआड जातोय म्हटल्यावर चिमी काय करणार? नियम सांगत होता, जागचं हलू नको. पण तिच्या वाडीत असल्या वेळी बाई मान खाली घालते आणि झपाझप पुढे निघून जाते. चिमी तशीच गेली. डावीकडच्या वाटेने वर, वळणाच्याही पलीकडे, आणि तिथे पाठ करून उभी राहिली. जरा जास्तच लांब गेली. लाज वाटली की माणूस अंतर मोजत नाही.

बराच वेळ झाला. ती खाकरली. मग म्हणाली, "शेठ?" मग मोठ्याने, "शेठ, झालं का?"

चिमी मागे आली. झाडापाशी शेठ नव्हते, सायकलही नव्हती. मऊ धुळीत जाड टायरचा ताजा ठसा होता, आणि तो सरळ खाली गेला होता.

ढोरवाट कुठे जाते हे तिला ठाऊक होतं. ती कुठेच जात नाही. कड्याच्या तोंडाशी गवताची एक उतरती पट्टी आहे, तिथवर गुरं चरायला जातात आणि परततात. खाली पाच पुरुष खोल नाला. दोन वर्षांपूर्वी तिच्या चुलतसासऱ्याचा बैल तिथूनच गेला होता. चिमीने फोन काढला, रेंज नव्हती. सायकल टाकून ती पळत सुटली. पळताना ती रडत होती, आणि डोंगरावरच्या, झाडाखालच्या, नदीवरच्या, जेवढे आठवले तेवढ्या देवांना हात जोडत होती.

शेठ दिसले. सायकल नाल्यात गेली होती. ते पोटावर पालथे होते, कमरेपासून खालचं अंग कड्याबाहेर, आणि दोन्ही हातांनी करवंदीची एक जाळी धरलेली. काटे तळव्यात घुसून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. वाळलेलं गवत तेल सांडल्यासारखं निसरडं झालं होतं.

"बाय," ते पुटपुटले, "ही उपटतंय."

जाळीच्या मुळाशी माती सुटत होती. खिंडीत जाऊन हरेशला आणायचं तर जाऊन येऊन अर्धा तास. तेवढा वेळ ती मुळं धरणार नव्हती.

"मना सोरून जाव नको गो."

चिमीला उंचीची इतकी भीती की ती विहिरीच्या काठावरून पाणी काढत नसे. ती गवतावर पालथी झाली. साग तोडलेला एक खुंट होता, त्याला तिने पाय अडकवले आणि सरपटत खाली गेली. शेठच्या मानेपाशी जर्सी होती, ती दोन्ही मुठींत धरली आणि पीळ भरला. आता तिच्या डोळ्यांसमोर नाला होता, आणि त्यात पडलेल्या सायकलीचं एक चाक आभाळाकडे होतं. तिने डोळे मिटून घेतले.

"तू भ्येलीस?" शेठनी विचारलं.

"लय."

"मी पन."

हरेशने दिलेली गळ्यातली शिट्टी छातीखाली दबली होती, आणि हात मोकळा करायची हिंमत नव्हती. तेव्हा तिने रानात मोळीला गेलेल्या बायका एकमेकींना घालतात तशी लांब कू घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आवाज फाटला. समोरच्या डोंगरावर कुणीतरी शेतात राब भाजण्यासाठी टहाळ तोडत होतं, कोयत्याचा आवाज येत होता. तो थांबला. मग पलीकडून कू आली.

"आयकलान," चिमी म्हणाली. "येतील आता. हलू नका."

नाला ओलांडून वर चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागलाच. चिमीच्या दंडांना आधी कळ लागली, मग मुंग्या आल्या, मग तिला हात आहेत की नाहीत तेच कळेना. तेव्हा तिने ते बोलून टाकलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला श्वास घेता येत नव्हता.

"शेठ, माजी चूक हाय. मी थांबाया पायजेल व्हती. मी लाजले न् पुढं ग्येले."

"मना वाटला, पोर मना कंटालली," शेठ म्हणाले. "सकालपासून माझेमुलं रखरली. म्हनून गेली म्होरं. मंग तुना गाठावा म्हनून जोरान मारली सायकल."

चिमीला हुंदका फुटला. हुंदक्याने हात हलले, आणि भीतीने तिने तोही गिळला.

आधी कोंडू आला, तिचा चुलतसासरा, कमरेला कोयता आणि खांद्यावर मोळ्या बांधायचा दोर घेऊन. कू ऐकून खिंडीतून हरेश आणि आणखी दोघे धावत आले. कोंडूने दोर सागाच्या खुंटाला बांधला, स्वतः उतरला, शेठच्या काखेतून फास घातला. चौघांनी मिळून ओढलं. करवंदीची जाळी मुळासकट खाली गेली, पण तोवर शेठ वर होते. चिमी त्यांच्याबरोबर फरपटत वर आली, कारण तिने जर्सी सोडलीच नव्हती.

भीती उतरली की माणसाला राग येतो, तसा तो हरेशला आला. "चिमे, हे तुज्या मागं ऱ्हायले कसे?"

"आरं, मीच तिला..." शेठ सुरू झाले.

"त्यांनी नाय," चिमी म्हणाली. सगळे बघत होते, सासरा बघत होता, आणि तिने मान खाली घातली नाही. "ते झाडामागं ग्येले. मी थांबले नाय. पार वळनाच्या पल्याड ग्येले. मला लाज वाटली."

हरेशची नजर तिच्या हातांवर गेली होती. मुठी अजून जर्सीत होत्या, बोटं पांढरी पडलेली.

"सोड आता, चिमे."

"सुटत नाय," ती म्हणाली. आणि खरंच सुटत नव्हती. ती बोटांना सांगत होती आणि बोटं ऐकत नव्हती. आता ती मोठ्याने रडायला लागली. कोंडूने कोयता काढला, म्हणाला कापड कापू या.

"नको, कापू नको," जयरामशेठ म्हणाले. ते तिच्याकडे तोंड करून मातीत गुडघ्यांवर बसले. काट्यांनी सोललेल्या हातांनी त्यांनी तिची मूठ धरली आणि करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट हळूच उघडायचे, आणि ते परत मिटू नये म्हणून स्वतःच्या तळव्यात दाबून ठेवायचे.

"सोर गो बाय," ते म्हणत होते. "मी आलो वर. ये बग, वर हाय मी."