कयाकच्या पुढच्या सीटवर

माझा नवरा मासे धरतो आणि सोडून देतो. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. सासूबाई होत्या तोवर त्याची गळ-दोऱ्याची पिशवीसुद्धा उंबऱ्याच्या आत यायची नाही, ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली असायची. दर रविवारी हिप्परग्याचा तलाव, आणि सलग सुट्टी आली की उजनी. गळाचा उलटा काटा तो आधीच पकडीनं चेपून टाकतो, म्हणजे माशाला जास्त इजा होत नाही. मासा लागला की हात पाण्यात ओला करायचा, मगच त्याला धरायचं, क्षणभर बघायचं आणि सोडायचं. चिंचोळीच्या कारखान्यातले त्याचे सोबती विचारून थकले, की खायचा नाही तर धरतोस कशाला. त्यावर तो नुसता हसतो. मीही कधीतरी विचारलं होतं. मलाही हसूनच उत्तर मिळालं.

समोर मी त्याला अहोच म्हणते. लिहिताना मात्र 'तो' बरं पडतं, राग नीट काढता येतो.

कारण राग आहे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तो जेवणाच्या ताटावरून अर्ध्यात उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. काय होतंय म्हणून विचारलं, तर "एनिल्ला बिडु" म्हणाला. त्याच्या आईच्या बोलण्यातलं कानडी आहे ते. काही नाही, सोड, एवढाच अर्थ. घरचं सगळं तो माझ्याशी मराठीत बोलतो, पण काही लपवायचं असलं की हे दोन शब्द येतात. झोपताना पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पित्त झालं असेल म्हणून जिऱ्याचं पाणी करून दिलं, तेही निमूट प्यायला. सकाळी शर्टाला इस्त्री केली, गाडीला किक मारली आणि चिंचोळीला गेला. तिथल्या गेटवर त्याला वॉचमनच्या खुर्चीत बसवून कुणीतरी मला फोन केला. पुढचं दवाखान्याचं सांगत नाही. डॉक्टर फार मृदू बोलणारे होते. रात्रीच आला असता तर हृदयाचं नुकसान कमी झालं असतं, एवढंच म्हणाले.

तो आजारी पडला याचा मला राग नाही. मी विचारलं होतं आणि त्यानं काही नाही म्हणून सांगितलं, याचा आहे.

तेव्हापासून मी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं आणि त्याचा चेहरा वाचायला लागले. वरच्या ओठावर घाम आलाय का, जिना चढल्यावर नाकपुड्या फुलतात का, चहाचा कप धरताना कपाळाला आठी पडते का. वर्गातल्या चाळीस पोरांची तोंडं वाचण्यात माझा जन्म गेला, हे एक तोंड काय अवघड होतं? त्याला मात्र ते नको झालं. घरात सीसीटीव्ही बसवलाय, असं तो मुलीला फोनवर सांगायचा. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण मलाही कळत होतं की असं नवऱ्याकडे बघत बसणं म्हणजे संसार नव्हे, पहारा आहे. आणि या पहाऱ्यात मीच जास्त थकत होते.

घरी बसलेल्या काळात त्याला मोबाईलवर एक खूळ लागलं. समुद्रात एकटेदुकटे लोक कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, मासे धरतात, ते व्हिडिओ. डॉक्टरांनी तपासून हिंडाफिरायला मोकळीक दिली, तेव्हा त्यानं पहिली मागणी हीच केली. मी नाही म्हणाले. मग त्याचं तोंड उतरलेलं बघितलं, आणि दोन दिवसांनी अट घातली की कयाक दोघांची घ्यायची आणि दुसरी मी. मला पोहता येत नाही. मुलगी ओरडली, आई तू काय करणार तिथं? म्हटलं, बुडालो तर दोघं बुडू, मागं कुणी कुणाला बोल लावायला उरायचं नाही.

थंडी सरता सरता आम्ही मालवणच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर उतरलो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत होतीच, त्याशिवाय आम्ही जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही. ज्यांच्या घरी राहिलो त्या गृहस्थांच्याच कयाक होत्या. त्यांनी सकाळी आम्हाला लाइफ जॅकेटं चढवली, वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. वारा जमिनीवरून समुद्राकडे आहे, लांब जाऊ नका, आणि सामान वर सुरूच्या झाडांपाशी ठेवा, असं दोनदा सांगून ते न्याहारीचं बघायला घराकडे वळले.

आम्ही सामान झाडांपाशी ठेवलं नाही. उजनीवर इतकी वर्षं जिथून पाण्यात उतरायचं तिथंच काठावर पिशवी ठेवायची, ही हाताला बसलेली सवय. धरणाचं पाणी हलतं ते महिन्या-महिन्यानं, सकाळी ठेवलेली चप्पल संध्याकाळी तिथंच मिळते. इथंही कोरडी वाळू बघून, पाण्यापासून चांगली लांब, मी लाल पिशवी ठेवली. त्याची जिभेखाली ठेवायची गोळी त्या पिशवीत होती. मी ती बरोबर घेत होते, पण गोळ्या भिजतील, आपण काय समोरच तर जातोय, असं तो म्हणाला आणि मलाही ते पटलं.

कयाकमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की दिशा सांभाळणारा मागं बसतो. म्हणजे तो मागं, मी पुढं. माझ्यासमोर नुसता समुद्र आणि त्याचा चेहरा माझ्या पाठीशी. हे मी सोलापुरात बसून कसं विचारात घेतलं नाही, कुणास ठाऊक. परत फिरू या म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात लाटेनं आम्हाला उचललं आणि आम्ही पलीकडे गेलो.

पण खरं सांगते, बाहेर गेल्यावर पाणी इतकं शांत होतं की माझीही भीती गेली. उन्हं कोवळी होती. तो मागं गळ सोडून बसला आणि गुणगुणायला लागला. दवाखान्यातून आल्यापासून मी त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मग रीळ करकरलं, कयाक एका बाजूला झुकली, मी दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या. मागं पाण्याचा चुबुक आवाज झाला, म्हणजे त्यानं हात ओला केला असणार. मी मान तिरकी करून एवढंच बघितलं की चांदीसारखा लांबट मासा त्याच्या हातातून निसटला आणि निळ्यात गेला. तो मोठ्यानं हसला. त्या हसण्यासाठी आपण आलो हे बरं केलं, असं मला वाटलं. मग दुसरा लागला, मग एक सुटला. वेळ कसा गेला कळलंच नाही.

परतायला कयाक वळवली तेव्हा किनारा दिसला, आणि तो फार लांब गेला होता. वाऱ्यानं आम्हाला हळूहळू आत ढकललं होतं. पाठीवर असताना त्या वाऱ्याची जाणीवही झाली नव्हती, आता तो समोरून तोंडावर आला. मी वाळूवर लाल ठिपका शोधत होते. ठिपका नव्हता. आमची कोरडी वाळूच उरली नव्हती, लाटा पार वर गेल्या होत्या. भरती म्हणजे काय हे पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं मी. पिशवी तिच्यात जाते हे आकृतीत नव्हतं.

त्यालाही दिसलं असणार. दोघंही वल्हवायला लागलो. माझं वल्हं पाण्यात पडायचं आणि पाठोपाठ त्याचं. थोड्या वेळानं त्याचं उशिरा पडायला लागलं. मग एकेक चुकायला लागलं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, पण तो कसा आहे ते श्वासावरून कळेना. ओठावर घाम आहे का, आठी आहे का, काही दिसेना. पूर्ण मागं वळावं तर कयाक कलंडायची भीती.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"एनिल्ला बिडु."

भीती आणि संताप, दोन्ही एकदम आले. मी वल्हवायचं थांबवलं आणि समोर किनाऱ्याकडे बघतच बोलले. "मला इथनं तुमचं तोंड दिसत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मला कळणार आहे. काय ते सांगा, मी काही म्हणणार नाही."

कयाक वाऱ्यानं तिरकी व्हायला लागली. मग त्यानं वल्हं आडवं मांडीवर टाकल्याचा आवाज आला.

"छातीत काय न्हाय. खरंच न्हाय. पण हात गळून गेलेत. लई दमलोय गं." मग तो म्हणाला, "आणि मघाधरनं भ्या वाटतंय. तू वल्हव, मी बसतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, दमलो हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. भीती वाटते हा तर नाहीच. खरं तर त्या क्षणी मी घाबरून जायला हवं होतं. समुद्र, वारा, गोळी नाही, पोहता येत नाही. पण मला एकदम हलकं वाटलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. छातीत काही नाही यावर माझा विश्वास बसला, कारण पुढचं त्यानं लपवलं नव्हतं. मी वल्हं पाण्यात घातलं. तो मागून डावं, उजवं, जरा दमानं, असं सांगत राहिला. खांदे भरून आले, तळहातांची साल निघाली. हळूहळू सुरूची झाडं एकेक वेगळी दिसायला लागली. ते गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे होते, एका हातात आमची निथळती पिशवी धरून दुसऱ्या हातानं आम्हाला दिशा दाखवत होते.

"एकदा मागं बघ की," तो म्हणाला. "बरा हाय मी."

"कशाला?" मी म्हणाले. "सांगितलंत की तुम्ही."

आणि मी पुढं बघत वल्हवत राहिले.