काकांच्या फोनवर येणारे मेसेज

ऑफिसातले सर्व्हर सांभाळायचं काम तिचं, म्हणून तिला सगळे नर्सबाई म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. सकाळी आली की आधी स्क्रीनवरचे हिरवे ठिपके बघायची, मग पर्स खाली ठेवायची. प्रत्येक सर्व्हरमध्ये एजंट नावाचा छोटासा प्रोग्रॅम बसवलेला होता. मशीन तापलं, डिस्क भरत आली, की तो बोंब मारायचा आणि ठरलेल्या नंबरांवर मेसेज धाडायचा. मग नर्सबाई हातातला घास टाकून धावणार.

हे एजंट बसवले होते तिच्या आधी हे काम बघणाऱ्या काकांनी. काका गेले. सगळे हळहळले, पण त्यांचा नंबर काढायचं एकालाही सुचलं नाही. धन्य आहे बाबा या लोकांची! मेसेज काकांच्या घरी वाजतच राहिले आणि काकू ऑफिसात फोन करू लागल्या.

"अगं, तुमच्या सात नंबरला ताप आलाय. बघितलंस का?"

"बघितलं काकू, पंखा बदलतेय," म्हणून नर्सबाई फोन ठेवायची. नंबर काढायला तिचा हात धजत नव्हता. बिचारीला काकांची तेवढीच आठवण, असं तिनं आपलं मनाशी धरलं होतं.

मग साहेबांचा हुकूम सुटला, बाहेरचे नंबर आजच्या आज बंद करा. फोनवर सांगायचं धाडस होईना, म्हणून ती सरळ काकूंच्या घरीच गेली.

काकांचा फोन खिडकीशी चार्जिंगला लावलेला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं एकदाचं सांगून टाकलं, "काकू, उद्यापासून मेसेज येणार नाहीत. माफ करा मला."

"काढ की! सुटले एकदाची. जन्मभर त्या मेल्या टिणटिणीनं ह्यांना भरल्या ताटावरून उठवलं. मला काय तिचं प्रेम उतू चाललंय?"

"मग दर वेळी फोन का करायचात?"

काकूंनी चार्जरची वायर काढून हळूहळू गुंडाळली. "मशीनचं सांगितलं की तुम्ही लगेच धावता. म्हटलं, बोलता बोलता कुणीतरी विचारेल, काकू, तुम्ही कशा आहात?"

नर्सबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या फोनांत तिनं खरंच एकदाही विचारलं नव्हतं.

"कशा आहात काकू?" तिच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं.

"बरी नाहीये गं," काकू म्हणाल्या. "घर खायला उठतं. बस, सांगते."