कानसेनचा उजवा कान

या माणसाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रेडिओवर कुणी तान घ्यायला लागलं की तो आवाज बारीक करायचा आणि वर म्हणायचा, याचं टायमिंग बिघडलंय. तरी त्याच्या धंद्यातले सगळे त्याला कानसेन म्हणायचे, कारण टर्बोच्या गाडीचं इंजिन आतून सुखात आहे की दुःखात, हे तो नुसतं ऐकून सांगायचा. तीस वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी नव्हता.

त्याच्या गॅरेजला दोन शटर होती. पहिल्याच्या आत त्याची बायको गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. दुसऱ्याच्या आत जमिनीत दोन जाड लोखंडी रोलर बसवलेले होते. त्यांवर गाडीची चाकं ठेवायची, पट्ट्यांनी गाडी जखडायची आणि जागच्या जागी दीडशेच्या वेगाने पळवायची. गाडीत किती ताकद आहे ते संगणकाचा पडदा सांगायचा. ती ताकद इंजिनाला झेपते आहे का, हे कानसेन सांगायचा.

ऐकण्याची त्याची रीत सगळ्यांना ठाऊक होती. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करायचं आणि ते इंजिनाला बोल्टने आवळायचं. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, आणि तो पाइप कानावर घालायच्या एका जुन्या टोपणात, उजव्या बाजूला. उजव्याच का, तर डावा कान लहानपणी फुटलेला, बोलणं ऐकण्यापुरताच. आत पेट्रोल वेळेआधी भडकलं की नळीतून बारीक ताडताड ऐकू येते, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखी. वाटाणे वाजले तर इंजिन काही मिनिटांचा सोबती. नाही वाजले तर कानसेन एकच शब्द बोलायचा, "स्वच्छ," आणि एअर फिल्टरच्या डब्यावर खडूने एक गोल काढायचा. डोंगरावरच्या शर्यतीत तो गोल दिसला की बाकीचे लोक त्या गाडीचं इंजिन ठीक आहे का, हे विचारायचेही नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी उशाशी ठेवलेल्या मोबाइलचा गजर वाजून वाजून थकला आणि याला पत्ता नाही. बायकोने तो बंद केला, याच्याकडे एकदा पाहिलं आणि उठली. मग गॅस्केट आणायला जातो असं सांगून तो कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी हातात एक बटण दिलं आणि शिट्टी ऐकू आली की दाबा म्हणाल्या. पठ्ठ्याने त्यांच्या यंत्रावरच्या हाताकडे बघून बघून बटण दाबलं. बाईंनी मध्ये फाइलचा आडोसा धरला, तेव्हा बटण गप्प झालं. बारीक आवाज गेलेत, त्या म्हणाल्या, आणि ते परत येणार नाहीत.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर चार गाड्या रोलरवर आल्या. चारही वेळा त्याने टोपण कानाला लावलं, डोळे मिटले, नळीवर बोटं ठेवून जे काही जाणवेल ते जाणवून घेतलं, आणि स्वच्छ म्हणाला. चारही गाड्या अजून धड होत्या, आणि याच गोष्टीवर तो रात्री झोपत होता.

पाचवी गाडी त्याच्या लेकीची निघाली.

लेक सव्वीस वर्षांची, लॅपटॉपवर इंजिन ट्यून करण्यात बापाच्या दोन पावलं पुढे, आणि बोलण्यात चार. रविवारी तिला स्वतः डोंगर चढायचा होता. अकरा वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला कठडा. गेल्या वर्षी याच रस्त्यावर सातव्या वळणात एकाच्या पिस्टनला भोक पडलं, स्वतःचंच ऑइल चाकांखाली आलं आणि गाडी कठड्यावर गेली. तो माणूस अजून कुबडी घेऊन चालतो. त्याची गाडी दुसरीकडे तयार झाली होती, पण ती बातमी ऐकल्यापासून कानसेनला सातवं वळण पाठ झालं होतं.

तिने गाडीला इंजिनात हवा नेणारा नवा रुंद इनटेक पाइप बसवला होता, आणि मोठा, सुती कापडाचा फिल्टर. गाडीला स्वतःचा नॉक सेन्सर असतो, हेच वाटाणे ऐकणारा. पण शर्यतीसाठी इंजिन रबराऐवजी कडक लोखंडी माउंटिंगवर बसवलं होतं आणि त्या खडखडाटाने सेन्सर सारखा उगाच बोंब मारायचा, म्हणून लेकीने तो बधिर करून ठेवला होता. "सेन्सर कशाला हवा," ती म्हणाली होती, "तुम्ही आहात की." त्यावर तो हसला होता. हसण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराला गाडी रोलरवर चढली. पहिल्या दोन फेऱ्यांत हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल किंचित कमी दिसलं. नव्या पाइपमुळे असेल म्हणून लेकीने ते वाढवलं. तिसऱ्या फेरीला पडद्यावरची रेघ वर गेली आणि जातच राहिली. हिशेबापेक्षा चौदा घोडे, म्हणजे चौदा हॉर्सपॉवर, जास्त. लेकीने मांडीवर थाप मारली आणि मागे वळून बापाकडे पाहिलं.

कानसेन टोपण लावून उभा होता. कानात नुसती घरघर. नळीवरच्या बोटांना काहीतरी वाटलं, पण ते माउंटिंगचंही असेल. शेजारचं शिलाई मशीन थांबलं होतं. बायको दारात येऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली होती. हल्ली ती नेहमी डावीकडेच उभी राहायची.

"स्वच्छ," तो म्हणाला.

खिशातून खडू काढला. डब्याजवळ वाकला. आणि त्याचा हात काही केल्या पुढे जाईना. चौदा घोडे फुकटात येत नसतात, हे त्याला बारा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं.

"एकदा प्लग काढून बघू," तो म्हणाला.

लेकीने भुवया उंचावल्या. स्वच्छ म्हटल्यावर ठिणगी टाकणारे प्लग काढायची या गॅरेजात पद्धत नव्हती. इंजिन गरम आहे, ती म्हणाली. असू दे, तो म्हणाला, आणि हातमोजे घालून स्वतःच कामाला लागला. पहिला प्लग ठीक. दुसरा ठीक. तिसरा त्याने उजेडात धरला आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. पांढऱ्या चिनी मातीवर चमकणारे दोन कण, मिठाच्या दाण्याहून बारीक. ते पिस्टनचं अॅल्युमिनियम होतं. आतला पिस्टन झिजायला लागला होता.

म्हणजे वाटाणे वाजले होते. त्याच्या कानाशी वाजले होते.

लेक लॅपटॉपकडे वळलेली होती. प्लग पुसून पुन्हा बसवता आला असता. थोडा टर्बोचा दाब उतरव, मला नीट वाटत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि तिने ऐकलंही असतं, कारण कानसेनचा शब्द होता. फिल्टरचं झाकण उघडून पाहिलं तर कारणही समोर होतं. सुती कापड तेलाने निथळत होतं आणि पाइपमधल्या हवा मोजणाऱ्या तारेवर तेलाचा तवंग चढला होता. तार आंधळी झाली होती. हवा कमी आली असं समजून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी वेळेआधी टाकत होता. लेकीने पेट्रोल वाढवून मिश्रण सावरलं, ठिणगी तशीच राहिली. तार धुवायची, फिल्टर बदलायचा, झालं. कुणाला कळलंही नसतं.

पण त्यानंतर पुन्हा एक फेरी घ्यावी लागली असती, आणि पुन्हा त्यालाच ऐकावं लागलं असतं.

त्याने प्लग लेकीच्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिलं. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही तर स्वच्छ म्हणालात."

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "बारीक आवाज गेलेत माझे. हिवाळ्यापासून."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली, म्हणजे तिला माहीत होतं. कानसेनला त्या क्षणी सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच.

तेलाचा उलगडा मग झाला. धूळ अडायला सुती फिल्टरला थोडं तेल द्यावं लागतं. काल संध्याकाळी लेकीने ते दिलं होतं, बाबा विसरतील म्हणून. रात्री बापाने दिलं होतं, पोरगी घाईत विसरेल म्हणून. एकमेकांना विचारलं कुणीच नाही. एरवी दोघं यावर महिनाभर भांडले असते. आज लेक गुमान तार धुवायला बसली.

तार सुकली. जुना, नेमक्या तेलाचा फिल्टर चढला. कानसेनने टोपण काढून लेकीच्या डोक्यावर बसवलं. आजवर त्याने त्याला कुणालाही हात लावू दिला नव्हता. मग तो लॅपटॉपपाशी गेला. आधी मुद्दाम ठिणगी जराशीच लवकर टाकू, तो म्हणाला, म्हणजे आवाज कळेल. गाडीत बसून त्याने पाय दाबला. इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजार. साडेतीन. चार हजाराला लेकीने झटकन हात वर केला आणि त्याने त्याच क्षणी पाय उचलला.

"वाटाणे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "एवढं स्पष्ट येतं, बाबा."

पुढच्या तीन फेऱ्यांत तिने आवाज संपेपर्यंत ठिणगी उशिरा करत नेली, आणि वर थोडी आणखी. नऊ घोडे गेले. ज्याचे होते त्याला परत, कानसेन पुटपुटला. पण लेक हसली नाही. तिने टोपण गळ्यात उतरवलं, आणि ज्या प्रश्नाची त्याला सकाळपासून भीती होती तोच विचारला.

"हिवाळ्यापासून किती गाड्यांवर गोल काढलात?"

"चार."

"उद्या डोंगरावर त्यातल्या किती आहेत?"

बेकरीवाला होता. दातांचा डॉक्टर होता. शाळेतल्या मास्तरीणबाई तर पहिल्यांदाच उतरणार होत्या, आणि त्यांनी त्या खडूच्या गोलाचा फोटो काढून त्याला पाठवला होता. चौथा माणूस त्याचा सख्खा भाऊ होता.

"चारही," तो म्हणाला.

या चौघांना फोन गेले की कानसेन हे नाव संध्याकाळपर्यंत संपणार, हे त्या तिघांनाही कळत होतं. बायकोने आत जाऊन त्याचा मोबाइल आणला. लेकीने खडू उचलला, पण गोल काढला नाही. तो तिने आपल्या खिशात टाकला आणि पुढच्या गाडीसाठी रोलरवरच्या पट्ट्या सोडायला लागली.

कानसेनने आधी मास्तरीणबाईंचा नंबर लावला. सवयीने फोन उजव्या कानाशी नेला, थांबला, आणि डाव्या कानाला लावला.

"बाई, उद्या गाडी काढू नका," तो म्हणाला. "आज इकडे घेऊन या. मी ऐकलं नव्हतं."